नळाचे एकपात्री

थोर माणूस गेला की मागे त्याचे विचार उरतात. आत्याच्या मागे, भाचीने मोजले तेव्हा, उरले ते असे: वह्या अकरा, अर्जांच्या नकला एकशे त्रेसष्ट, छत्र्या तीन (एकही आत्याची नव्हे) आणि जिन्याखालचा गळका नळ एक, मिनिटाला अडतीस थेंब.

भाची पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, म्हणून तिने वह्याही तपासल्या. 'नळ' हा शब्द दोन हजार तीनशे सतरा वेळा, 'क्रांती' एकदा (पुढे प्रश्नचिन्ह). नऊ वर्षे आत्या लढली ती या नळासाठी. पहिली पायरी कायम ओली. तिथे आत्या दोनदा घसरली, तिच्याच बिऱ्हाडात राहणारी भाचीची आई एकदा, आणि आई अजून रोज तिथूनच उतरते. नियम सोपा होता: अर्जावर इमारतीतल्या दहाही बिऱ्हाडांची एकेक सही हवी. शेवटच्या अर्जावर आत्याची होती. उरलेल्या नऊ मिळाव्यात म्हणून भाचीने वह्यांवरून एकपात्री नाटक रचले. माणसे अर्जाला येत नाहीत, नाटकाला येतात.

स्मृती समितीने (सभासद सात, सगळे त्याच इमारतीतले, आत्याच्या हयातीत तिला 'नळवाली' म्हणणारेही सातच) संहितेला तत्त्वतः मान्यता दिली.

"फक्त एक तुरुंगाचा प्रवेश घाल," अध्यक्ष म्हणाले.

"काका, आत्या तुरुंगात गेली नव्हती."

"वेळ कुठे मिळाला तिला? सगळा जन्म नळापायी गेला. नाटकात तरी जाऊ दे बिचारीला."

शिवाय या एकपात्री नाटकात प्रत्येक सभासदाला छोटीशी भूमिका हवी होती. तडजोड निघाली: सातही जण रंगमंचावर खुर्च्या टाकून बसतील, बोलणार मात्र नाहीत. (तिसऱ्या मिनिटाला चौघे झोपले. आत्याच्या सभांमध्येही हेच प्रमाण असे. अभिनयातल्या सहजतेची पुढे बरीच वाखाणणी झाली.)

प्रयोग तळमजल्यावरच्या दालनात झाला. सगळी बिऱ्हाडे पाहुण्यांसकट आली. भाची वही उघडून वाचू लागली.

"सोमवार. पहिला मजला. म्हणाले, आधी वरच्यांची घ्या. मंगळवार. वरचे म्हणाले, पेन नाही. बुधवार. पेन नेलं. म्हणाले, चष्मा सापडत नाही. गुरुवार. चष्मा सापडला, पेन सापडेना."

दालन हसून हसून लोळले. प्रत्येकाला (वाचकालाही) त्यात आपला शेजारी अचूक ओळखू आला.

"काय एकेक बिलंदर माणसं असतात हो," पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ वरच्या मजल्यावरच्यांना म्हणाले.

"तर काय. त्यांच्यापायीच नळ राहिला," वरचे डोळे पुसत म्हणाले.

शेवटी भाचीने सांगितले, अर्ज दाराशी टेबलावर ठेवला आहे, जाताना सही करा, शेजारी पेनही आहे. सगळे उठून उभे राहिले.

सगळे गेल्यावर भाचीने वहीच्या शेवटच्या पानावर नोंद केली. प्रेक्षक शहाऐंशी. टाळ्या चार मिनिटे दहा सेकंद. नळ मिनिटाला एकेचाळीस थेंब. अर्जावर सह्या एक. टेबलावर पेन शून्य.