मानेचा मिस्त्री

हिराजीदादा भोईर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी मान बघतात. माझे साडू पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा दादा जिन्यातच भेटले. मी ओळख करून दिली. साडूंचे नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच राहिले, कारण दादा एव्हाना त्यांच्या पाठीमागे पोचले होते. "डाव्या अंगाला झुकलीय," दादा गरजले. "दोन उशा घेता काय?" साडू खरंच दोन उशा घेत होते. ही बातमी दादांना कोणी दिली, असं ते अजून मला विचारतात.

गल्लीत कोणी वारलं आणि दादा भेटायला निघाले, की घरचे धसका घेतात. कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ गेले तेव्हा दादा दोन मिनिटं हात जोडून उभे राहिले आणि मग म्हणाले, "आता सरळ झाली बघा मान. जित्तेपणी धा वेळा बोललो व्हतो, उशी काढा." हे त्यांनी आपल्या मते माझ्या कानात सांगितलं होतं. आमच्या भिवंडीतल्या धामणकर नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ते ऐकलं असावं.

या आवाजाला कारण आहे. दादांनी उमेदीची पंचवीस वर्षं बारा लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये काढली. मालक तेच, मिस्त्रीही तेच. धोट्यांच्या त्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचं तर घशाच्या शिरा ताणाव्या लागतात, नाहीतर हाताच्या खुणा कराव्या लागतात. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं झटकली की धागा तुटला. पालथा हात खाली-खाली नेला की लूम हळू कर. पुढे पूर्णा गावातल्या त्यांच्या घरच्या जमिनीवर भाड्याचं गोडाऊन आलं, भावांनी लूम विकून टाकले, आणि शेडमधून दादा दोनच गोष्टी घेऊन बाहेर पडले. एक त्यांचा आवाज आणि दुसरे त्यांचे निम्मे गेलेले कान. कान गेले हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. "मला बरोबर ऐकू येतं. लोकंच हळू बोलतात आजकाल."

मानेचा नाद त्यांना आजोळचा. पडघ्याच्या पलीकडे त्यांचे एक मामा होते, त्यांच्या हाताला लचक काढण्याचा गुण होता. लूम गेल्यावर दादा मुंबईत एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्याकडे, दोन वर्षं मदतनीस म्हणून राहिले आणि तोंडाच्या जागी भोक असलेलं एक टेबल घेऊन परत आले. आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, पुढच्या खोलीत टेबल आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. बाहेर पाटी लागली: 'कायरोप्रॅक्टिक पद्धतीने मान, पाठ, जुनाट डोकेदुखी, अर्धशिशी.' त्याखाली लाल अक्षरांत, 'मी डॉक्टर नाही.' पाटी रंगवणाऱ्याने पुष्कळ समजावलं की असं कोणी लिहीत नाही. दादा म्हणाले, "मी मिस्त्री हाय. खोटं कशाला लिवायचं?"

आणि ते खरोखर मिस्त्रीसारखेच वागत. आल्या आल्या मानेला हात लावणं त्यांना मंजूर नव्हतं. "आधी फॉल्ट शोधायचा, ठोकाठोकी मागून," हे त्यांचं ब्रीद. डोकं दुखतंय म्हणून कोणी आलं की उलटतपासणी सुरू व्हायची. सकाळी दुखतं की सांजचं? उजेड सोसतो काय? डोळ्यांपुढं नागमोडी रेघा येतात? पोट साफ होतं काय? शेवटच्या प्रश्नाला रोगी कुजबुजत उत्तर द्यायचा आणि दादा ते खात्रीसाठी मोठ्याने परत म्हणायचे. समोरच्या शेडमधला मुनव्वर तर हात जोडून सांगायचा, "चाचा, गर्दन भले तोड दो, पेट की बात धीरे करो." पण कोणाचं डोकं एकाएकी भयंकर दुखायला लागलंय, हात बधिर झालाय असं ऐकलं, की दादा बोटही लावत नसत. "हा माझा लूम न्हाय," म्हणत स्वतः रिक्षात बसवून दवाखान्यात पोचवत.

मी शाळामास्तर. वह्या तपासून तपासून माझंही डोकं संध्याकाळी ठणकायचं. एकदा धीर करून त्या भोकात तोंड घातलं. दादांनी मान हलकेच धरली, बोलता बोलता वळवली, कट् असा आवाज झाला आणि मला ब्रह्मांड आठवलं. वर ते म्हणाले, "मास्तर, निम्मा फॉल्ट वह्यांचा हाय. मांडीवर घेऊन तपासता. टेबलावर घ्या." माझी डोकेदुखी पुष्कळ कमी झाली. ती कट् आवाजाने झाली की टेबलाने, हे मला माहीत नाही. मी श्रेय दादांना दिलं, कारण टेबलाला त्याचं काही नव्हतं.

अशा माणसाच्या घरात एक डोकं मात्र बरं होत नव्हतं. सुमनवहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. त्यांना अर्धशिशी होती. आठवड्यातून दोनदा तरी मागच्या खोलीचा पडदा ओढलेला असायचा आणि वहिनी कपाळावर ओला फडका ठेवून पडलेल्या असायच्या. दादा हातातलं काम टाकून आत जायचे. त्यांच्या मानेवरून, खांद्यांवरून इतक्या मायेने हात फिरवायचे की बघणाऱ्याचा जीव गलबलावा. आणि तोंडाने? तोंडाने सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं विचारत राहायचे, "आता कसं वाटतंय, सुमन? इथं दाबू काय? जेवलीस काय?"

एकदा दादा बाहेर गेले होते, आणि वहिनींना गोळी द्यायला मी खाली गेलो होतो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, माझ्या मानेला कायबी झालेलं न्हाय. ह्यांचा आवाज लागतो मला. लूमचा आवाज सारखा असतो, त्याची सवय होते. ह्यांचा मधीच येतो, डोक्यात खिळा ठोकल्यावानी."

"मग सांगा ना त्यांना."

"नको. लूमापायी कान गेले, त्यांचा काय दोष? सगळ्या भिवंडीची डोकी बरी करतात आन् घरात आपल्यामुळंच दुखतं म्हटल्यावर काय वाटंल त्यांना? तुम्हाला माझी शप्पथ हाय."

मला हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मनात म्हणून मी वर आलो. शब्द दिला आणि तो सहा वर्षं पाळला. आपण शब्दाचे पक्के आहोत याचा मला अभिमानही होता. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

कारण त्या सहा वर्षांत दादांनी काय काय केलं ते मी डोळ्यांनी बघत होतो. लूममध्ये फॉल्ट आला की मिस्त्री एकेक भाग बंद करून बघतो. त्याच रीतीने दादा वहिनींच्या डोकेदुखीमागे लागले. आधी उशी बदलली. मग गादी. मग अगरबत्ती बंद केली, हिंगाची फोडणी बंद केली, महिनाभर घरात चहा बंद केला. खिडक्यांना जाड पडदे लावले. दर वेळी वर येऊन मला उत्साहाने सांगायचे, "मास्तर, आता फॉल्ट हिंगातच हाय, लिवून ठेवा." मी मान डोलवायचो. कळसा कुठे आहे ते ठाऊक असलेला मी एकटा, आणि मी त्यांना खुशाल वळसा घालू देत होतो. वर घरी येऊन त्यांची नक्कल करून बायकोला हसवायचो ते वेगळंच.

मागच्या थंडीत दादांचा घसा बसला. ताप आला आणि आवाज पार गेला. आठ-नऊ दिवस ते लूमच्या खुणांनी बोलत होते. रोगी वैतागले, मुनव्वर खूश झाला. दहाव्या दिवशी भर दुपारी माझं दार वाजलं. दादा उभे होते. घोगऱ्या आवाजात, कसेबसे म्हणाले, "मास्तर, फॉल्ट मिळाला."

मी दार पूर्ण उघडलं.

"नऊ दिवस झाले, तिचं डोकं दुखलं न्हाय. एकदाबी न्हाय. एकेक बंद करून बघितलं मी. माझाच पार्ट बंद करायचा राहिला व्हता."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. मला आश्चर्य वाटलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"वहिनींनी शपथ घातली होती, दादा."

"कवापासून?"

"सहा वर्षं झाली."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या मानेकडे न बघता तोंडाकडे बघितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वळले आणि जिना उतरून गेले.

घसा बरा झाला, पण दादा घरात बोलायचे बंद झाले ते झालेच. बाहेरच्या खोलीत रोग्यांशी जेवढ्यास तेवढं, तेही दार लावून. कानाचं यंत्र आणलं. वहिनींना त्या दुखण्याच्या डॉक्टरकडे नेऊन औषध सुरू केलं. वहिनींचं दुखणं आठवड्यावरून महिन्यावर गेलं. सगळं छान झालं, असं मी स्वतःला सांगत होतो. तळमजल्यावरून येणारी ती शांतता मात्र मला वह्या तपासू देत नव्हती.

मग एक दिवस वहिनी वर आल्या. डोळे सुजले होते. "मास्तर, घर खायला उठतं. तेहतीस वर्षं झाली लग्नाला, आन् आता अंगठा ओठाला लावून इचारतात, चहा पायजे काय. मी काय लूम हाय? दुखलं तरी चालंल, पण बोला म्हणावं."

या वेळी मी एक क्षणही शब्द पोटात ठेवला नाही. चप्पलसुद्धा न घालता खाली गेलो आणि दादांना जसंच्या तसं सांगितलं. ते टेबलाच्या कडेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "मला माझा आवाज कळत न्हाय, मास्तर. यंत्रात पंखा ऐकू येतो, रिक्षा ऐकू येते. मी केवढ्यानं बोलतो ते न्हाय कळत. भ्या वाटतं."

"मी सांगतो केवढ्याने ते," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज दुपारी, शाळेतून आल्यावर, दोन म्हाताऱ्यांचा हा उद्योग सुरू झाला. ते टेबलापाशी बसायचे, मी दारात उभा राहायचो. वाक्य त्यांनीच निवडलं होतं. पूर्वी रोज दुपारी पुढच्या खोलीतून ते ओरडून विचारायचे तेच, "सुमन, जेवलीस काय?" पहिल्या दिवशी समोरून मुनव्वर "खा लिया, चाचा!" म्हणाला. मी पालथा हात खाली नेला. दादांनी परत म्हटलं. मी हात आणखी खाली नेला. सहा वर्षांपूर्वी एवढा एक हात खाली नेला असता तर, हे दर वेळी माझ्या मनात यायचं. दादांनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. तेच जास्त टोचायचं.

तीन आठवडे गेले. काल ते वाक्य म्हणाले तेव्हा मला त्यांचे फक्त ओठ हललेले दिसले. मी हात स्थिर धरला. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, बरोबर? मी मान डोलवली. ते उठले, सदरा नीट केला आणि मागच्या खोलीचा पडदा बाजूला करून आत गेले.

मी तिथेच उभा राहून कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, धीर झाला नाही त्यांना. मी जायला वळलो, तेवढ्यात वहिनींचा आवाज आला.

"न्हाय अजून. तुमचीच वाट बघत व्हते."