दाजी आणि बिनक्लचची गाडी

आमचे दाजी गाडीचा सुटा भाग घ्यायला जात नाहीत, बघायला जातात. मुलगी बघायला जावं तसं. इस्त्रीचा शर्ट घालतात, सोबत कुणाला तरी नेतात, दुकानात खुर्ची मागून बसतात, चहा घेतात, समोर ठेवलेली रबराची रिंग उलटीसुलटी करतात, ती मूळची कुठली, किती वर्षं पुडक्यात बसून आहे याची चौकशी करतात आणि उठताना म्हणतात, "बरं. पसंती कळवतो." दुकानदार आ वासून बघत राहतो. एकानं तर विचारलं होतं, "काका, रिंग घ्यायचीय का सून करायचीय?" दाजींनी त्यालाही शांतपणे सांगितलं, "दोन्हीकडं घाई करू ने."

हे मी खात्रीनं सांगते, कारण सोबत नेलेलं ते माणूस बहुतेक वेळा मीच असायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहायला दौंडला. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून काढलेली. त्यामुळे असेल, पण रिटायर झाल्यावर बोलायची सगळी साठलेली हौस त्यांना एकदम फेडायची होती. आणि ती फेडायला त्यांना मी सापडले. मी शिरूरला शाळेत शिक्षिका. गाडीच्या भागांची माहिती इंग्रजीत, आणि दाजींच्या मते घरात इंग्रजी येणारी मी एकटी. मी पाचवीच्या मुलांना 'धिस इज अ कॅट' शिकवते, हे त्यांना किती वेळा सांगितलं! "कॅट येतं ना? मग गिअरबॉक्स काय लांब हाय," म्हणाले.

ही गाडी त्यांना वडगाव रासाईला एका बागायतदाराच्या गोठ्यामागं मिळाली. लांबलचक अमेरिकन गाडी. बागायतदाराच्या वडलांनी कधीकाळी मुंबईहून आणलेली, पुढं बंद पडलेली, आणि नंतर कोंबड्यांच्या ताब्यात गेलेली. सौदा ठरवून दाजी टेम्पो घेऊन परत न्यायला गेले, तर मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. बागायतदार म्हणाला, "हाकला की तिला." दाजी म्हणाले, "न्हाई, पिल्लं निघू द्या, मग नेतो." आणि खरोखर रिकाम्या हातानं परत आले. टेम्पोवाला वैतागून गेला. मी तर ऐकूनच वैतागले.

गाडी दौंडला आली. इंजिन थोड्या खटपटीनं सुरू झालं. घरघरायचं छान, पण गाडी जागची हलायची नाही. दोष गिअरबॉक्समध्ये होता, आणि हा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता. म्हणजे गिअर आपोआप बदलणार, आणि खाली क्लच नाहीच. नव्वदचं दशक संपत आलं होतं तरी आमच्या भागात असली गाडी कुणी उघडून पाहिली नव्हती. बशीर मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं आणि उपाय सांगितला. "काका, ये निकालके फेक देते. मॅटडोरचा गिअरबॉक्स टाकतो, क्लच टाकतो. दोन दिवसात गाडी पुण्याला."

सगळ्या जुन्या अमेरिकन गाड्यांचं तेव्हा हेच करायचे. दाजी म्हणाले, "क्लच नको."

"पण का?"

"नको म्हंजी नको."

आता का नको, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आक्कामुळे. आक्का नर्स होती. सरकारी आरोग्य केंद्रात. गावोगाव लुनावर फिरायची, आणि केंद्राच्या जीपचा ड्रायव्हर पिऊन पडला की स्वतः जीप चालवत बाळंतिणीला आणायची. लायसन्स होतं तिच्याकडं. त्या काळात, आमच्या वस्तीतल्या बाईकडं! सगळा तालुका तिला सिस्टर म्हणायचा, आणि दाजीसुद्धा सिस्टरच म्हणतात. मग लसीकरण आटपून येताना तिच्या लुनाला ट्रकनं उडवलं. जीव वाचला, पण डाव्या पायात सळई बसली आणि गुडघा कायमचा ताठ झाला. क्लच दाबायला डावा पाय लागतो. उजवा तिचा ठणठणीत आहे. आणि लांबलचक अमेरिकन गाडीत ताठ पाय पसरून बसता येतं. दाजींचं सगळं गणित एवढंच होतं. आक्कानं पुन्हा गाडी चालवायची.

गणित चांगलं होतं. माझी तक्रार रीतीबद्दल आहे.

गिअरबॉक्स खोलला तेव्हा आत शंभर भानगडी निघाल्या. लायनिंगच्या गोल प्लेटा झिजलेल्या, पोलादी पट्टे गेलेले, रबराच्या सगळ्या रिंगा कडक होऊन तुटलेल्या. प्रत्येक भागाला दोन-तीन पर्याय. मुंबईच्या जुन्या बाजारातला वापरलेला, पुण्यातल्या एका म्हाताऱ्या पारशाकडचा न वापरलेला पण जुना, आणि कुणाचा तरी भाचा दुबईहून आणणार तो नवा. दुसऱ्या कुणीही एक दुकान धरलं असतं. दाजी प्रत्येक भागाच्या प्रत्येक स्थळाला भेट देऊन येत, आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरत.

"मंगलबाई, ह्या दोन रिंगा. कुठली घेऊ?"

मी पोळ्या लाटत असायचे. मी म्हणायचे, "डावीकडची."

"का?"

हा त्यांचा 'का' म्हणजे छळ होता. वकिलाला उत्तर देता येईल, दाजींना नाही. मी म्हटलं, "पुडक्यावर कंपनीचं नाव आहे म्हणून."

"नावाला काय करायचं? नख लावून बघा. पुडक्यात बसून बसून रबर कडक झालंय. म्हातारं झालंय ते, न वापरताच."

"मग उजवीकडची घ्या!"

"का?"

माझे यजमान पेपर घेऊन गच्चीवर निघून जायचे. पुढं पुढं तर दाजींची एसटी यायच्या वेळेला त्यांना हटकून मंडईत काम निघायला लागलं.

एकदा शाळेतून आले तर आमची पुरणाची परात लालभडक तेलानं भरलेली, आणि आत गोल गोल काळ्या चकत्या पोहत होत्या. शेजारी दाजी मांडी घालून बसलेले. लायनिंगच्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत घालाव्या लागतात म्हणे, आणि दौंडहून निघताना त्यांना मोठं भांडं दिसलं नाही म्हणे. मी म्हटलं, "दाजी, परवा होळी आहे!" ते म्हणाले, "तवर पिऊन घेत्यात की त्या तेल." शेजारच्या वहिनी डोकावल्या आणि एवढं कोकमचं सरबत कुणासाठी म्हणून विचारून गेल्या. ती परात मी राखेनं, चिंचेनं, शेवटी रॉकेलनं घासली. त्या वर्षी पुरणाला वास आला. यजमानांनी आणखी वाढून घेतलं आणि म्हणाले, "आता आपल्याही पोटात गिअर आपोआप बदलतील."

इकडं दौंडला वस्तीतल्या पोरांनी वेगळंच मनावर घेतलं. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो या गाडीत ठेवायचा. तशी गाडी कुणाकडंच नव्हती, त्यामुळे पोरं हट्टाला पेटलेली. रोज येऊन विचारायची, "आप्पा, झाली का?" दाजींचं उत्तर ठरलेलं, "पट्ट्याची पसंती व्हायचीय." पोरं म्हणाली, मॅटडोरचा गिअर टाका, जयंती होऊ द्या, मग काढा. मिस्त्री म्हणाले तसंच करू. मीसुद्धा म्हटलं, दाजी, करा की. दाजी ढिम्म.

पण त्यांनी जोर लावला एवढं खरं. सगळ्या भागांची पसंती झाली, मिस्त्रींनी गिअरबॉक्स जोडून गाडीला चढवला. फक्त ते पातळ लाल तेल भरायचं राहिलं, ऑटोमॅटिकला तेच लागतं. नेमकी वढू बुद्रुकला दाजींच्या मावसभावाची मयत झाली आणि त्यांना जावं लागलं. पोरांना वाटलं, आप्पांचं काम हलकं करू. गिअर म्हटलं की नव्वद नंबरचं तेल, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. ट्रॅक्टरला तेच, ट्रकला तेच. पोरांनी वर्गणी काढून डबा आणला, काकवीसारखं दाट तेल काठोकाठ भरलं, गाडी सुरू केली आणि गिअर टाकला. गाडी एक गचका देऊन पुढं सरकली. पोरांनी जयघोष केला. मग आतून जळका वास आला, धूर आला, आणि सगळं थांबलं.

दाजी परतले तेव्हा पोरं भिंतीला लागून उभी होती. मी दौंडलाच होते. मला वाटलं, आता हे भडकणार. भडकायलाच हवं होतं. दाजींनी बोटावर तेल घेतलं, वास घेतला. मग पोरांकडं बघून म्हणाले, "चहा घेतला का रं?"

मिरवणुकीला ट्रॅक्टर आला. दाजी निळी टोपी घालून पायी चालले. आणि पुढच्या रविवारी, पिशवी घेऊन, शिरूरच्या स्टँडवर हजर!

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी हातातलं लाटणं आपटलं. "दाजी, पुरे आता. आक्काला तरी विचारलंत का? ती मला म्हणते, मला कुठं जायचंय आता? जिला जायचंच नाही तिच्यासाठी आमचा जीव का खाताय?"

दाजी या वेळी 'का' म्हणाले नाहीत. पिशवीतून दोन प्लेटा काढल्या, पोळपाटाशेजारी ठेवल्या, आणि हळू आवाजात म्हणाले, "ती तसं म्हनती, म्हनूनच घाई हाय, बाई." त्यांच्या तोंडून घाई हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी पुन्हा परात काढून दिली.

पावसाळा सरून गेला तेव्हा गाडी तयार झाली. या वेळी लाल तेलाचा डबा दाजींनी उशाशी ठेवला होता, असं आक्का सांगते. सकाळी बाजारतळ रिकामा असतो, तिथं मिस्त्रींनी गाडी आणून लावली आणि चहा प्यायला गेले. आक्का कुरकुरत आली. "लोक हसतील. पाय बघा माझा." तरी बसली. ताठ पाय आत घेऊन कडेला पसरला. दाजी शेजारी, मी मागं. कोंबड्यांचा वास थोडा होताच. तिनं स्टेअरिंगजवळची दांडी ओढली, उजवा पाय ब्रेकवरून हळूच काढला, आणि गाडी चालू लागली. धक्का नाही, आवाज नाही. आक्काचा चेहरा मला आरशात दिसत होता. केंद्राची जीप चालवायची तेव्हाचा तोच चेहरा, भुवया वर, ओठ घट्ट.

बाजारतळाला एक फेरी झाली. दाजी म्हणाले, "थांबव." थांबवली. ते दार उघडून उतरले, आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हीबी उतरा."

आक्का म्हणाली, "अवो, बसा की. जाऊ की सगळी."

"तू जा."

"कुठं?"

"मला काय म्हाईत?"

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग काच वर केली आणि गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली. दाजी मान कलती करून ऐकत होते. "दुसरा गिअर पडला," म्हणाले. "तिसरा पडला." मग आवाज ऐकू येईनासा झाला.

मी संतापले. "एकटीला सोडलंत? इतक्या वर्षांनी? काही झालं म्हणजे?"

दाजी पारावर टेकले. "मंगलबाई, अपघात झाल्यापासनं तिला कुठं जायचं तर 'मला न्या' म्हनावं लागतंय. पयल्यांदा म्हनायची. मग लगीन असू दे, मयत असू दे, म्हनायचीच बंद झाली. मी न्यायला तयार हुतो वो. कवाबी. पर न्यायला कुनीतरी लागतंय, हेच तिला सोसत न्हाई. मी शेजारी बसलो आस्तो, तर पुन्यांदा मीच नेल्यावानी झालं आस्तं."

मग रस्त्यानं ट्रक गेला की उठून उभे राहायचे, पुन्हा बसायचे. मी दिलेलं पाणीही त्यांनी घेतलं नाही. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही तिथंच.

शेवटी गाडी आली. चाकांना काळी माती लागली होती, आक्काच्या केसांवर धूळ होती, आणि शेजारच्या सीटवर कागदात बांधलेले पेरू होते. कुठं जाऊन आली कोण जाणे! मी विचारणारच होते, पण दाजींनी माझा दंड धरला आणि मान हलवली. त्यांनीही काही विचारलं नाही. आक्कानंही सांगितलं नाही. तिनं हसून किल्ली त्यांच्यापुढं धरली.

दाजींनी हात मागं घेतला. "तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि तेल गळतंय का बघतो म्हणून गाडीखाली वाकले. खाली एक थेंबही नव्हता, मला उभ्यानं दिसत होतं. तरी ते बराच वेळ वर आले नाहीत.