अकादमीत प्रवेश चालू

सूनबाईंची राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर फेलो म्हणून निवड झाल्याचं पत्र आलं, तेव्हा धनाजीराव जगतापांनी ते चष्मा पुसून तीनदा वाचलं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारच्या जिग्नाबेनचं दार वाजवलं.

"बेन, आमची निरुपमा नॅशनल अकादमीत फेलो झाली!"

जिग्नाबेनचा हात पेढ्यावरच थबकला. "अरेरे, फेल थई? काही नाही काका, पुढच्या वर्षी परत बसेल ने! एवढी हुशार बहू!"

धनाजीरावांनी समजावलं, पण बातमी जिन्यावरून त्यांच्या आधी खाली पोचली. संध्याकाळी सुभानपुऱ्यातली ती अख्खी सोसायटी त्यांचं सांत्वन करत होती. वॉचमननंसुद्धा मान हलवली, "नसीब, काका." पंचवीस वर्षं शेवाळावर संशोधन करणारी सून, आणि तिला वॉचमननं नापास ठरवावं? रेल्वेत सिग्नल सांभाळलेल्या धनाजीरावांना हे सोसवेना. गेटवर मोठा बॅनरच लावायचा, त्यांनी ठरवलं.

"बाबा, निरुपमा अहमदाबादहून येऊ दे. तिला विचारा तरी," मुलगा कुशल म्हणाला.

"अभिनंदन कुणी विचारून करतं का रे?"

मजकूर त्यांनी बॅनरवाल्याला फोनवरच सांगितला : डॉ. निरुपमा जगताप, राष्ट्रीय विज्ञान अकादमी, हार्दिक अभिनंदन. आता बॅनरवाल्यानं गोत्रीपासून निजामपुऱ्यापर्यंत शहरातल्या सगळ्या क्लासेसचे बॅनर केलेले. काका महत्त्वाचं सांगायला विसरले, असं त्याला मनापासून वाटलं. रविवारी सकाळी गेटवर बॅनर झळकला. त्यात 'अभिनंदन' मुंगीएवढं, 'अकादमी' हत्तीएवढी, शेजारी परीक्षानळी धरलेला गोरा मुलगा आणि खाली ठळक गुजरातीत 'प्रवेश चालू छे'. त्याखाली धनाजीरावांचा मोबाइल नंबर.

"अरे, हे काय केलंस?" धनाजीरावांनी बॅनरवाल्याला फोन लावून विचारलं.

"काका, अकादमी लिहिली आणि नंबर नाही, तर लोक येणार कसे?"

लोक आले. दहाच्या सुमारास पार्किंगमध्ये बाराएक आईबाप पोरांना घेऊन उभे होते.

"काका, नीटची बॅच आहे?" एका गृहस्थांनी विचारलं.

"इथं प्रवेश नसतो हो! इथं निवड होते."

"म्हणजे एंट्रन्स. सरस! कोर्स किती वर्षांचा?"

"कोर्स कसला! आमच्या सुनेला पंचवीस वर्षं लागली."

गृहस्थांनी बायकोकडे आदरानं पाहिलं. "बहु टफ छे. इथेच घालूया."

धनाजीराव जितकं नाही म्हणत, तितकी माणसं वाढत. शेवटी सोसायटीतल्याच, दुसरीत शिकणाऱ्या अवनीनं त्यांचा सदरा ओढला. "आजोबा, मग अकादमी म्हणजे काय?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. धनाजीराव आठवडाभर तेच वाचत बसले होते. ते ताठ उभे राहिले.

"साल एकोणीसशे तीस. देशावर इंग्रजांचं राज्य. अलाहाबादेत आपल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, की आपण एकत्र यायचं, एकमेकांचं काम पारखायचं, छापायचं. साहेबाच्या शाबासकीसाठी थांबायचं नाही. आजही तिथं देशभरातले शास्त्रज्ञ निवडले जातात. ते शाळाशाळांत जाऊन मुलांना विज्ञान सांगतात. आणि त्यांच्यात आता आमच्या घरची..."

नेमकी तेव्हाच गेटपाशी रिक्षा थांबली. निरुपमानं आधी बॅनर पाहिला, मग गर्दी, मग सासरे. धनाजीराव लगबगीनं बॅनरकडे निघाले. तिच्या पंचवीस वर्षांच्या कष्टांचा आपण गेटवर टांगून क्लास करून टाकला!

"चुकलं माझं, निरुपमा. आत्ता उतरवतो."

"राहू द्या, बाबा." तिनं बॅग त्यांच्या हातात दिली. ओठ गच्च मिटून ती हसू आवरत होती. "शाळांत जाऊन सांगतात म्हणालात ना? इथं तर मुलंच चालत आली आहेत."

पर्समधून भिंग काढून ती मुलांना कंपाउंडच्या भिंतीपाशी घेऊन गेली. पावसाळा नुकताच सरला होता, भिंत शेवाळानं हिरवीगार होती. थोड्याच वेळात सगळी पोरं भिंतीला नाकं लावून उभी, आणि अवनी ओरडत होती, "आत जंगल आहे!" आईबाप वहीपेन काढून सिलॅबस कधी सांगतात याची वाट पाहत राहिले.

तीन रविवार असेच गेले. मग एका सोमवारी जिग्नाबेन तणतणत आल्या.

"काका, आमचा केयूर क्लासला जायला ना म्हणतो! फ्रिजमध्ये डबे भरून शेवाळ ठेवलंय, हात लावू देत नाही. तुमची ही अकादमी पूरी कधी होणार?"

धनाजीरावांनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि आपल्या फ्रिजचं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत चिठ्ठ्या लावलेले डबे. दह्याचं पातेलं बाहेर ओट्यावर.

"पंचवीस वर्षं झाली, बेन," ते अभिमानानं म्हणाले. "दुसरा फ्रिज घ्या."