राजकीय हवेत, पण राजकारण नको

चित्रपट मंडळाच्या निवड समितीची सहावी बैठक चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झाली, तेव्हा मंगळवारचे सकाळचे अकरा वाजले होते. ही डोळे तपासायची खोली. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणारी अक्षरं, समोर उंच फिरती खुर्ची. त्या खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे परवाना कार्यालयाचे साहेब, बसत. कार्यालयही अकरालाच भरात येतं, पण साहेबांना सिनेमाची फार आस्था होती.

मंडळाचा चिटणीस म्हणजे दुकानाचा मालक चष्मेवाला. तिसरं माणूस कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम. यंदाच्या तीन दिवसांच्या महोत्सवाचा विषय 'राजकीय चित्रपट' हा त्यांनीच सुचवला होता. महोत्सव बुधवार ते शुक्रवार, कारण शनिवार-रविवार सभागृह टेबल टेनिसवाल्यांकडे असे. गेल्या वर्षी सभागृहात अकरा माणसं होती आणि त्यांतली चार टेबल टेनिसची, दिवस चुकून आलेली. यंदाही तसंच झालं तर सभागृह आठवडाभर टेनिसवाल्यांनाच देऊन टाकू, असं विश्वस्तांनी चष्मेवाल्याला तोंडावर सांगितलं होतं.

"राजकीय हवेत," साहेब पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, "पण राजकारण नको. मी सरकारी माणूस आहे."

या एका वाक्यावर पाच बैठका खर्ची पडल्या. मंत्र्याचा सिनेमा गेला, कारण मंत्र्याला मिशा होत्या आणि खऱ्या मंत्र्यालाही होत्या. निवडणुकीचा गेला, कारण त्यात कोणीतरी निवडून येत होतं. संपाचा सिनेमा मॅडमना आवडला होता, पण त्यात लाल रंग फार होता. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला, की कृष्णधवल सिनेमेच घ्यावेत, म्हणजे झेंड्याचा रंग कळत नाही.

सिनेमे पाहायची समितीची पद्धतही साहेबांचीच. प्रत्येकाची फक्त पहिली पाच मिनिटं पाहायची. "अहो, मी पाकीट बघून अर्ज ओळखतो," ते म्हणत, "सिनेमाला पाच मिनिटं म्हणजे चैन झाली." मग त्या पाच मिनिटांवर दीड तास चर्चा होई. चर्चेला तिघांचीही कधी ना नसे.

"हा एक आलाय," चष्मेवाल्याने पेनड्राइव्ह लावला. "नाव 'रांग'. आपल्या टेलर मावशींनी फॉर्म भरून दिलाय."

"त्या सिनेमे काढतात?" साहेबांनी विचारलं.

"दिग्दर्शकाच्या रकान्यात 'स्वतः' लिहिलंय. लांबी, 'सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कापून चाळीस मिनिटं'."

पडद्यावर एक खिडकी दिसली. काचेपलीकडे रिकामी खुर्ची, अलीकडे पाठमोऱ्या माणसांची रांग. रंग नाही, आवाज नाही, कोपऱ्यात आकडे धावताहेत. पाच मिनिटं खुर्ची रिकामीच राहिली. रांगेतल्या एकाने फक्त पायावरचा भार बदलला.

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "किती धाडस आहे. सत्ता दाखवायचीच नाही, फक्त तिची जागा दाखवायची."

"आणि कोणाचं नाव नाही," साहेब म्हणाले. "मला हे फार पटलं. अशी खुर्ची कुठलीही असू शकते."

खरं तर ती खुर्ची त्यांची स्वतःची होती. पण साहेब कार्यालयात मागच्या दाराने जात आणि मागच्याच दाराने बाहेर पडत. बारा वर्षांच्या नोकरीत खिडकीची बाहेरची बाजू त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि पाहावी असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. 'रांग' एकमताने उद्घाटनाचा सिनेमा ठरला.

टेलर मावशींचं म्हणाल, तर त्यांना सिनेमाचं काही पडलं नव्हतं. त्यांच्या दुकानाच्या परवान्याची मुदत महिनाअखेर संपत होती. नवा कागद नाही आला तर शटरला सील, आणि दोन्ही शिलाई मशीन आत. चार महिने मावशी परवान्याच्या त्या खिडकीशी उभ्या राहत होत्या. तक्रार करावी म्हटलं, तर तक्रारी घ्यायची खिडकीही तीच आणि साहेबही तेच. समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॅमेऱ्यात त्या खिडकीचा रोजचा दिवस टिपला जात होता. त्याने तो मावशींना काढून दिला. आता हा पुरावा घेणार कोण? चष्म्याच्या दुकानात काडी बसवायला गेल्या, तेव्हा काउंटरवर महोत्सवाचे फॉर्म दिसले. भरलेला फॉर्म चष्मेवाल्याने हसून घेतला आणि पोचही दिली. चार महिन्यांत कोणी पोच दिलेला त्यांचा हा पहिला कागद होता.

बुधवारी साडेदहाला सभागृह गच्च भरलं. मावशींनी रांगेतल्या प्रत्येकाला गाठून सांगितलं होतं, की तुम्ही सिनेमात आहात. चष्मेवाला दारात उभा राहून मोजत होता आणि शंभराच्या पुढे गेल्यावर त्याने मोजणं सोडून टेबल टेनिसवाल्यांच्या प्रमुखाला फोन केला. काही कारण नव्हतं, नुसताच केला.

पहिली पाच मिनिटं शांततेत गेली. सहाव्या मिनिटाला मागून कोणीतरी म्हणालं, "ती तिसरी आमची आत्या." आठव्याला सगळं सभागृह स्वतःला शोधू लागलं. नवव्या मिनिटाला पडद्यावर साहेब आले.

आले, बसले, बूट काढले. पेपर वाचला, मग उलटी घडी घालून परत वाचला. नखं कापली. मग 'साहेब बाहेर गेले आहेत' अशी पाटी काचेला लावली आणि पाटीमागे बसून डोळे मिटले. सभागृह खदखदून हसत होतं. पहिल्या रांगेत खरे साहेब खुर्चीत खाली खाली सरकत चालले होते.

"हा नट किती संयत आहे," शेजारून मॅडम कुजबुजल्या. "चेहरा ओळखीचा वाटतो."

शेवटी पडद्यावर मागचं दार उघडलं आणि चष्मेवाला आत आला. त्याने साहेबांना जागं केलं, हातातली यादी दाखवली आणि दोघं लगबगीने निघून गेले. निवड समितीच्या चौथ्या बैठकीचा दिवस होता तो. रांग मात्र तशीच उभी राहिली, आणखी एकोणीस मिनिटं.

दिवे लागले तसे सगळे साहेबांकडे पाहू लागले. दाराशी गर्दी होती, तेव्हा पळणं शक्य नव्हतं. साहेब उठले, मंचावर गेले आणि माइक हातात घेतला. बारा वर्षं लोकांना तोंड न दाखवणाऱ्या माणसाला ऐन वेळी काय सुचेल ते सांगता येत नाही.

"मित्रहो," ते म्हणाले, "ही भूमिका करताना मला फार यातना झाल्या. पण असे अधिकारीही असतात, हे समाजापुढे यायला हवं होतं."

मॅडमनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्याने वाजवल्या, कारण तोही सिनेमात होता. बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले.

मधल्या रांगेतून टेलर मावशी उठल्या आणि पिशवी सांभाळत मंचावर आल्या. "दिग्दर्शक मी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "शेवटचा प्रसंग घ्यायचा राहिलाय. त्यात साहेब सही करतात."

"कसली सही?"

"ही." त्यांनी परवान्याचा अर्ज पुढे केला. "पेन आहे माझ्याकडे. तुम्ही फक्त काम करा, आधी केलंत तसं. नाही, आधी केलंत तसं नको."

शंभर माणसांसमोर साहेबांनी सही केली. जरा वेडीवाकडी आली, सवय नव्हती. "शिक्का मात्र ऑफिसात आहे," ते पुटपुटले. एवढ्यात पर्सा, पिशव्या, शर्टाचे खिसे उघडले आणि अर्जच अर्ज बाहेर आले. मंचासमोर आपोआप रांग लागली, गेली कित्येक वर्षं लागायची तशीच.

साहेब विंगेतल्या दाराने निसटले. सभागृहालाही मागचं दार असतं, हे त्यांनी मंचावर चढतानाच पाहून ठेवलं होतं. भरलेलं सभागृह रिकामं होतंय हे पाहून चष्मेवाल्याला घाम फुटला. त्याने माइक ओढला. "कोणी निराश होऊ नका. अध्यक्ष उद्या आणि परवा दिवसभर इथेच आहेत. सकाळी दहापासून. येताना कागद जरूर आणा."

गुरुवारी दहाला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. लोक फाइली मांडीवर घेऊन बसले होते आणि पडद्याकडे कोणी पाहत नव्हतं. समाजाची राजकीय जाणीव किती वाढली आहे, यावर मॅडम बोलत होत्या. विश्वस्तांनी सभागृह मंडळाकडेच ठेवायचं कबूल करून टाकलं.

मावशींना फक्त शिक्का हवा होता, म्हणून त्या कार्यालयात गेल्या. निदान शिपाई तरी मारून देईल. व्हरांडा रिकामा. रांगेत एक माणूस नाही. आणि काचेपलीकडे, खुर्चीत ताठ बसून, साहेब.

"तुम्ही इथे?" मावशींनी विचारलं.

"हळू बोला." साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "सकाळपासून लपलोय. इथे मला कोणी शोधायला येणार नाही."

"सगळे तिकडे खोळंबलेत तुमच्यासाठी."

"माहीत आहे हो. महोत्सव संपेपर्यंत मी इथून हलत नाही. तुम्ही फक्त कोणाला सांगू नका."

"शिक्का मारा आधी."

साहेबांनी शाई घेऊन शिक्का मारला, जरा जोरातच. मावशींनी तारीख वाचली, शाई वाळेपर्यंत थांबल्या आणि कागद पिशवीत तळाशी ठेवला. मग त्या तडक सभागृहात गेल्या आणि दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साहेब ऑफिसात आहेत. खुर्चीत बसलेत आणि काम करताहेत. माझं आत्ताच करून दिलं."

कोणी जागचं हललं नाही. "मावशी, तुमचं काम झालं ना, मग आमची चेष्टा कशाला करता?" पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने म्हटलं, आणि मांडीवरची फाइल सारखी करून तो साहेबांची वाट पाहत बसून राहिला.