झिरमुळ्याचे निव्वळ वजन

वजनमापे निरीक्षक ट्रकच्या वजनकाट्याखालच्या खड्ड्यात उतरायला गेले आणि झाकणाच्या चौकोनात अडकले. अर्धे निरीक्षक जमिनीच्या वर राहिले, अर्धे खाली. रांगेत सतरा ट्रक होते. त्यांचे सतरा चालक खाली उतरले, कोंडाळे करून उभे राहिले आणि प्रत्येकाने आपापला सल्ला दिला.

"श्वास सोडा, साहेब."

"सोडू नका, धरून ठेवा!"

"हात वर करा. नाही, एकच हात."

शेवटी चार हमालांनी काखेत धरून त्यांना वर उपसले, तेव्हा पँटचे बटण तुटले आणि टणकन खड्ड्यात पडले. बावीस वर्षांच्या नोकरीत निरीक्षकांनी कुणा व्यापाऱ्यापुढे मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी मात्र ते एका हाताने पँट धरून, कुणाकडेही न बघता जीपमध्ये जाऊन बसले.

मुख्य नियंत्रकांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावले. "खड्डा तपासल्याशिवाय वजनकाट्याला मोहोर मारता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. तीन महिने देतो. त्याच खड्ड्यात उतरून दाखवा. नाहीतर आवक-जावकचं टेबल रिकामंच आहे."

आवक-जावकचे टेबल जिन्याखाली होते. तिथे बसलेला माणूस थेट निरोप समारंभालाच लोकांना दिसत असे. निरीक्षकांचा सगळा जीव बाजारात होता. आपली काळी बॅग लांबून दिसताच काटे पुसायला धावणारे दुकानदार, पितळी वजने पेटीतून काढताना होणारा आवाज, मोहोरेवर पडणारा हातोडीचा घाव, हे सगळे सोडून टपालावर क्रमांक टाकत बसायचे, या विचारानेच त्यांच्या पोटात गोळा आला. पोटात जागा कमी नव्हती, त्यामुळे गोळा चांगला मोठा आला.

घरी मेहुणा येऊन बसलाच होता. हा बायकोचा धाकटा भाऊ. धंदा पडदे विकायचा, पण ज्ञान चौफेर.

"भावजी, कच्चं खायचं. शिजवलं की संपलं सगळं. हत्तीला कधी स्वयंपाक करताना बघितलंत?"

"हत्तीला कुठे त्या भोकातून उतरायचंय?" बायको आतून म्हणाली.

पण निरीक्षकांच्या मनात ते बसले. कच्चे खाणे सोपे, स्वच्छ आणि मोजायला सोयीचे. अडचण एवढीच, की काय आणि किती खायचे हे सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. मेहुण्याने दुपारपर्यंत फक्त फळे सांगितली. कचेरीतल्या मोहोर-कारकुनाने फळांवर काट मारून नुसता पाला सांगितला. त्याच्या सासूची गुडघेदुखी पाल्यानेच गेली होती. आणि टाऊन हॉलमध्ये दर रविवारी व्याख्यान देणाऱ्या कच्चेगुरुजींनी काजू, खजूर आणि ओले खोबरे सांगितले, तेही 'मन भरेपर्यंत'. निरीक्षक आज्ञाधारक माणूस. त्यांनी कुणाचेच मन मोडले नाही. सकाळी फळे खाल्ली, दुपारी पाला खाल्ला आणि रात्री मन भरेपर्यंत काजू खाल्ले. मन त्यांचे ऐसपैस होते.

दोन जेवणांच्या मधल्या भुकेला खिशात गाजरे असत. एकदा ते सराफाच्या पेढीवर नाजूक काटा तपासत होते. काटा काही केल्या स्थिर होईना. निरीक्षकांनी पंखा बंद करायला लावला, दार लावून घेतले, गिऱ्हाइकांना श्वास रोखायला सांगितले. तरी काटा थरथरतच होता.

"साहेब," सराफ हात जोडून म्हणाला, "रागावू नका, पण तुमचं गाजर संपेपर्यंत थांबूया का?"

महिना संपला. निरीक्षकांनी कचेरीतल्या, स्वतःच मोहोर मारलेल्या काट्यावर वजन केले. सव्वा किलो वाढले होते. त्यांनी उतरून पुन्हा वजन केले. काट्यात दोष नव्हता. त्या दिवशी जिन्याखालून जाताना त्यांनी आवक-जावकच्या टेबलावरची धूळ पाहिली आणि त्यांना भडभडून आले.

डोळे उघडले ते एका बटाटेवाल्याच्या वखारीत. त्याच्या काट्याचे पारडे रिकामे होते आणि काटा नव्वद ग्रॅमवर उभा होता.

"जुना आहे, साहेब. पण माल चोख तोलतो."

"काही ठेवलेलं नसताना हा नव्वद ग्रॅम सांगतोय," निरीक्षक सवयीने गरजले. "ज्याला शून्य सांगता येत नाही, त्याचं बाकीचं वजन कुणी खरं धरायचं?"

आणि वाक्य तोंडातून बाहेर पडताच ते त्यांना स्वतःलाच लागू पडले. खात्यात रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट. दुकानात शिरायचे, काही ठेवण्याआधी रिकामे पारडे बघायचे. बावीस वर्षे त्यांनी हजारो काटे असे तपासले होते आणि स्वतःच्या पोटाचा प्रश्न आला तेव्हा कुणाचेच पारडे न बघता माल घेतला होता! बटाटेवाल्याला वाटले आता आपली धडगत नाही. पण साहेब त्याची पाठ थोपटून हसत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यांनी एक भाजी तयार केली. नाव ठेवले झिरमुळा. जगात अशी भाजी नव्हती. शब्दकोश पाहिला, मंडईत चार भाजीवाल्यांना विचारले, खात्री करून घेतली. पारडे अगदी रिकामे होते.

पहिला मान मेहुण्याचा. "काय रे, कच्चा झिरमुळा खावा का?"

"झिरमुळा?" मेहुण्याने पापणीही हलवली नाही. "भावजी, मी दोन वर्षं खातोय. फक्त साल काढू नका."

मोहोर-कारकून म्हणाला, "झिरमुळा उष्ण पडतो हो. आमच्या सासूबाईंना पुरळ आलं होतं."

रविवारी निरीक्षक टाऊन हॉलमध्ये दोनशे माणसांत उभे राहिले आणि कच्चेगुरुजींना तोच प्रश्न विचारला. गुरुजींनी डोळे मिटले.

"झिरमुळा!" गुरुजी म्हणाले. "शाबास! हा गृहस्थ अभ्यास करून आलाय. मी हे पुढच्या महिन्यात सांगणार होतो. झिरमुळा कमरेवर काम करतो. थेट कमरेवर!"

दोनशे वह्यांत झिरमुळा लिहिला गेला. निरीक्षकांनी मनातल्या मनात तिसऱ्या काट्यावर फुली मारली आणि खिन्न होऊन बाहेर पडले. आता उरले कोण?

"सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ बाई बसतात ना," बायको म्हणाली.

"त्या?" मेहुणा हसला. "अगं ताई, त्यांना काही येत नाही. साधं बीट विचारलं तरी म्हणतात, आधी तुमचे रिपोर्ट दाखवा."

दवाखान्याच्या बाकावर निरीक्षक दीड तास बसले. आत गेल्यावर आधी त्यांची नजर कोपऱ्यातल्या वजनाच्या काट्यावर गेली. तो शून्यावर होता. बाई बुटक्या, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज घसा बसल्यासारखा.

"कच्चा झिरमुळा किती खावा?" निरीक्षकांनी विचारले.

"काय म्हणालात?"

"झिरमुळा."

बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "माहीत नाही हो मला. कधी ऐकलंच नाही. कसा असतो? मिळाला तर घेऊन या, आणि मी शोधून सांगेपर्यंत खाऊ नका." असे म्हणून त्यांनी एका वहीत नाव लिहूनही घेतले.

निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी तरळले. महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना शून्य दाखवले होते.

मग बाईंनी त्यांची साखर विचारली, गोळ्या विचारल्या, झोप विचारली. काजूंचा आकडा ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. "सगळंच कच्चं कशाला? सकाळी आणि संध्याकाळी खा कच्चं, भाज्या नीट धुवून. दुपारी शिजवलेलं जेवा. कडधान्यं शिजवूनच खायची, राजमा तर कच्चा तोंडातही घालायचा नाही. काजू मोजून पाच. रोज तासभर चाला. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासून रिपोर्ट खिडकीवर द्यायचा, आणि दोन महिन्यांनी मला भेटायचं. आणि मी चुकले असं वाटलं, तर मलाच येऊन सांगा."

"पाच मूठ?"

"पाच काजू."

निरीक्षकांनी ते मोहोरबंद आदेशासारखे पाळले. बायकोने काजूंचा डबा शेजारी नेऊन ठेवला. पहिल्या आठवड्यात ते चिडले, दुसऱ्यात चालताना धापा टाकल्या, तिसऱ्यात पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. भोक पाडताना त्यांनी बायकोला मुद्दाम बाहेरच्या खोलीत बोलावून दाखवले.

इकडे झिरमुळा मात्र गावभर झाला होता. टाऊन हॉलमधल्या दोनशे जणांनी भाजीवाल्यांचे प्राण कंठाशी आणले. भाजीवाले म्हणू लागले, "कालच संपला, गुरुवारी येईल." मग गुरुजींनीच लोकांची सोय केली. 'अस्सल झिरमुळा पावडर, सावलीत वाळवलेली, निव्वळ वजन अडीचशे ग्रॅम.' मेहुण्याने पडद्यांच्या दुकानात वेगळे कपाट लावले. निरीक्षक ज्याला त्याला सांगू लागले, की हे नाव मी आरशासमोर तयार केले आहे. लोक त्यांच्या उतरत्या पोटाकडे बघत आणि डोळा मारत.

"भावजी लपवतात," मेहुणा गिऱ्हाइकांना सांगे. "स्वतः रोज तीन चमचे घेतात."

तीन महिने पुरे झाले. वजनकाट्यावर पुन्हा सतरा-अठरा ट्रक थांबले होते, आणि या वेळी मुख्य नियंत्रक जातीने हजर होते. चार हमालही आशेने येऊन उभे होते. निरीक्षकांनी बॅग खाली ठेवली, टॉर्च कमरेला लावला, चौकोनात पाय सोडले आणि कुणी श्वास धरायच्या आत खाली दिसेनासे झाले. खालून ठोकल्याचे आवाज आले. दहा मिनिटांनी आधी एक हात वर आला. त्या हातात एक गंजलेले बटण होते.

अशा टाळ्या त्या काट्यावर कधी वाजल्या नव्हत्या. चालकांनी हॉर्न वाजवले. "दोन बाजूंना दोन बोटं जागा उरली, साहेब," निरीक्षक वर येऊन म्हणाले. आनंदाने त्यांचा आवाज चिरकला आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"शाबास!" मुख्य नियंत्रक म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढले. "झिरमुळ्याचीच करामत ही. मीही उद्यापासून सुरू करणार आहे. हे बघा, नवीन पाकीट."

निरीक्षकांचा चेहरा पडला. "साहेब, झिरमुळा नावाची भाजीच नाही."

"एवढा नम्रपणा बरा नव्हे."

"शपथेवर सांगतो!"

चालक हसले, हमाल हसले. तेवढ्यात त्यांची नजर पाकिटावरच्या छापील अक्षरांवर गेली, आणि त्यांनी बॅग उघडली. लहान काटा काढला. रिकामे पारडे सगळ्यांना दाखवले. शून्य. मग साहेबांचे पाकीट फोडून पावडर त्यात ओतली. दोनशे बारा ग्रॅम.

हसणे थांबले. मुख्य नियंत्रकांच्या कपाळावर शीर उभी राहिली. भाजी आहे की नाही, हे त्यांच्या खात्याच्या अखत्यारीत येत नव्हते. अडतीस ग्रॅम येत होते.

"जीप काढा," ते म्हणाले.

कच्चेगुरुजींच्या कोठीत नऊशे पाकिटे होती आणि एकही पुरे भरले नाही. गुरुजी प्रवचनाच्या आवाजात पवित्र कंदाविषयी बोलू लागले.

"कंदाचं राहू द्या," निरीक्षक प्रसन्नपणे म्हणाले. "तुम्ही लोकांना काहीच विकत नव्हतात, गुरुजी. आणि तेही कमी भरत होतात!"

पंचनामा झाला, माल जप्त झाला, कोठीच्या दाराला मोहोर लागली. तो हातोडीचा घाव निरीक्षकांनी जरा जोरातच घातला. मेहुण्याने त्याच संध्याकाळी कपाट रिकामे करून त्यात उशांचे अभ्रे मांडले.

मग निरीक्षक सरकारी दवाखान्यात गेले. त्यांना सगळी हकीकत सांगायची होती, बटण दाखवायचे होते. पण त्यांना बघताच आहारतज्ज्ञ बाईंचाच चेहरा ओशाळला.

"आलात? तुमचं एक काम राहिलंय हो माझ्याकडून. तो झिरमुळा." त्यांनी वही उघडली. "कृषी महाविद्यालयाला लिहिलं. दोन वनस्पतिशास्त्रज्ञांना लिहिलं. रविवारी ग्रंथालयात जाऊन बसले. बाजारात पावडर मिळते, पण भाजी कुठेच सापडेना. दोन महिने शोधतेय."

निरीक्षकांना धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले, आणि आता ते कुठल्याही भेगेत मावले असते. मान खाली घालून त्यांनी सगळे कबूल केले. रिकामे पारडे, आरसा, दाढी, सगळे.

बाईंनी वही पुन्हा पुढे ओढली. मग दोरीचा चष्मा लावून त्यांनी वहीतल्या 'झिरमुळा' या शब्दापुढे, दोन महिने मोकळ्या ठेवलेल्या जागेत, नीट अक्षरात लिहिले: 'नाही.'

"बरं झालं, एक काम संपलं," त्या म्हणाल्या. "आता चढा काट्यावर. आणि खरं सांगा, काल काजू किती खाल्लेत?"

"सहा," निरीक्षक म्हणाले.