दुसरी ‘ब’चे मतदार

“दर शनिवारी एकच तास, आप्पा. ‘आपला समाज आणि चांगला नागरिक.’ दुसरीची पोरं हायत, खात न्हाईत तुमास्नी,” मुख्याध्यापिका क्रांतीबाई म्हणाल्या.

गुरुसिद्धआप्पा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. ग्रंथालयात छत्तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले होते. ती नोकरी त्यांनी धरली होती तीच मुळी तिथे बोलायला मनाई असते म्हणून. पण घरात पुस्तकांच्या चार ट्रंका होत्या आणि सुनेने दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. मंगळवार पेठेतल्या या शाळेत अडगळीची एक खोली होती. ती मिळाली तर मुलांचं वाचनालय होणार होतं.

“खोलीचं साहेबांच्या हातात हाय,” बाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात विस्तार अधिकारी वर्ग बघायला येणार. तुमचा तास चांगला झाला तर खोली तुमची. न्हाय झाला तर ट्रंका रद्दीत.”

आप्पांनी मान हलवली. ती होकाराची होती की भीतीची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पहिले दोन तास त्यांनी गोष्ट वाचून दाखवली. ती अर्धी झाली आणि घंटा वाजली. “उरलेली गोष्ट, खोली मिळाल्यावर,” असं ते पुटपुटले. तिसऱ्या तासाला त्यांनी निवडणूक समजावली. वर्गासाठी एक वर्गसेवक निवडायचा. त्याने माठ भरायचा, फळा पुसायचा. मत गुप्त असतं, ते कुणाला सांगायचं नसतं. “आणि कुणालाच मत पडलं नाही, तर पुन्हा निवडणूक,” असं शेवटी ते फळ्याकडे तोंड करून इतक्या हळू म्हणाले की आपलं आपल्यालाच ऐकू आलं असेल, असं त्यांना वाटलं.

उमेदवार दोन उभे राहिले. राजवीरची निशाणी पतंग, शांभवीची बादली.

राजवीरचे आजोबा सयाजीराव पस्तीस वर्षं दूध संस्थेच्या राजकारणात होते. नातवाने घरी गेल्यावर बातमी सांगितली आणि सयाजीरावांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

“समोर कोण हाय?”

“शांभवी.”

“म्हंजे शांतादेवीची नात! मतं किती?”

“तेवीस.”

“बारा पायजेत,” सयाजीराव म्हणाले आणि मोबाईल उचलला.

सोमवारी शाळेच्या फाटकावर दहा फुटी फ्लेक्स लागला. ‘दुसरी ब चे भावी वर्गसेवक’. गॉगल घातलेला राजवीर आणि खाली शुभेच्छुकांचे एकवीस फोटो. मंगळवारी समोरच्या विजेच्या खांबावर बादली घेतलेली शांभवी आली, बारा फुटी. बुधवारी सयाजीरावांनी मतदारांना तांबडा-पांढरा रस्सा घातला. मतदार तांबड्याने रडले, म्हणून त्यांना आइस्क्रीम द्यावं लागलं. गुरुवारी महिला मंडळाच्या अध्यक्षा शांतादेवींनी पुरणपोळीची पंगत उठवली.

आप्पांनी धीर करून सयाजीरावांना गाठलं. “अहो, माठ भरायचाय फक्त.”

“आप्पा, माठाचं न्हाय वो, इज्जतीचं हाय. तुमी पुस्तकातलं बगा, बाहेरचं आमी बगतो.”

मग ते शांतादेवींकडे गेले. “लहान मुलं आहेत हो, ताई.”

“व्हय की! म्हणून तर पळवत्यात. तुमी जरा लक्ष ठिवा,” शांतादेवींनी त्यांनाच दटावलं आणि हातात पुरणपोळी ठेवली.

शनिवारी साडेदहाला मतदान होतं. अधिकारीही त्याच दिवशी येणार होते. इस्त्रीचा शर्ट घालून आप्पा दहालाच वर्गावर आले. वर्गात बावीस जागा रिकाम्या होत्या. पहिल्या बाकावर सुश्मिता एकटीच बसली होती.

“बाकीचे कुठं गेले गं?”

“सयाजीआजोबांनी बारा जणास्नी बशीतनं गगनबावड्याला न्हेलंय. उरलेल्यास्नी शांताआज्जीनं कळंब्याच्या तळ्यावर ठिवलंय, फुटू नयेत म्हणून. मला गाडी लागती, म्हणून मी ऱ्हायलो.”

आप्पा खुर्चीवर बसले, तेव्हाच दारात अधिकारी उभे राहिले. मागे क्रांतीबाई होत्या, चेहरा खडूसारखा.

“वर्ग कुठाय?” साहेबांनी विचारलं.

सुश्मिता उभी राहिली. हाताची घडी घालून खणखणीत आवाजात म्हणाली, “मतदार सुरक्षित स्थळी हलवल्यात, सर.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग ते बाकावर बसले. “मतदान किती वाजता?”

सव्वादहाला बस आली. पाठोपाठ टेम्पो आला. घाटात ओकलेले बारा आणि तळ्यात भिजलेले दहा, दोन रांगांत वर्गात शिरले. दाराच्या एका अंगाला सयाजीराव उभे राहिले, दुसऱ्या अंगाला शांतादेवी. एकेकाने फळ्याआड जाऊन चिठ्ठीवर खूण करायची आणि ती बिस्किटाच्या डब्यात टाकायची होती. हे मात्र आप्पांनी शिकवलं होतं तसंच, शिस्तीत पार पडलं.

आप्पांनी डबा उघडला. पहिली चिठ्ठी कोरी, दुसरी कोरी. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. तेवीसच्या तेवीस चिठ्ठ्या कोऱ्या होत्या.

“राजवीर!” सयाजीराव ओरडले. “तुझं सोताचं मत?”

“गुप्त असतंय,” राजवीर म्हणाला.

“आरं पण का?”

सुश्मिता पुन्हा उभी राहिली. “काल सुट्टीत आमी ठरवलं. कुणाला मत पडलं की निवडणूक संपती. कुणालाच न्हाय पडलं तर परत घ्यायची. आप्पांनीच सांगितलंय.”

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य कुणीतरी पूर्ण ऐकलं होतं.

“पस्तीस वर्षं राजकारणात गेली,” सयाजीराव दाराला टेकले, “पण मतदार असा कधी शाना बगितला न्हाय. बोला बाबांनो, काय पायजे?”

“खोली,” तेवीस आवाज एकदम आले. “गोष्ट अर्धी ऱ्हायलीया.”

साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. दुपारपर्यंत सयाजीरावांच्या माणसांनी मोडके बाक बाहेर काढले. शांतादेवींना ते कळलं आणि संध्याकाळपर्यंत महिला मंडळाने भिंती रंगवल्या. रविवारी सयाजीरावांची कपाटं आली, म्हणून सोमवारी शांतादेवींचा पंखा आला. दारावर मात्र दोघांनी मिळून फ्लेक्स लावला. त्यावर आप्पांचा हात जोडलेला फोटो होता, आठ फुटी. तो बघावा लागू नये म्हणून आप्पा आता मागच्या दाराने येतात.

फेरनिवडणूक पुढच्या शनिवारी झाली. चिठ्ठ्या कोऱ्याच निघाल्या आणि वाचनालयात सतरंजी आली. त्याच्या पुढच्या शनिवारी दिवा आला. गोष्ट केव्हाच संपली, दुसरी सुरू झाली, निवडणूक चालूच आहे.

परवा साहेब पुन्हा आले होते. दाराशी उभं राहून त्यांनी वर्ग बघितला. तेवीस डोकी पुस्तकांत होती आणि आप्पा एका हाताने फळा पुसत होते, दुसऱ्या हातात माठ भरायची कळशी होती. साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं: ‘मतदार अत्यंत जागरूक. सेवक अद्याप मिळालेला नाही. पाणी सरच भरतात.’