रझिया आपांचा पेशंट

आमच्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गेलेल्या बाईला टाकीमागून हुकूम येतो, "हलू नका. श्वास रोखा." नवखी असेल तर ती दातात चिमटा धरून तशीच उभी राहते. अर्ध्या मिनिटानं पुन्हा आवाज, "हं, सोडा श्वास." मग रझिया आपा टाकीआडून बाहेर येतात आणि काही झालंच नाही अशा थाटात विचारतात, "भाभी, घरी सगळे बरे हायत नव्हं?"

आपा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एकट्याच. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एक्स-रे काढले. अर्ध्या सोलापूरच्या बरगड्या त्यांनी पाहिल्या आहेत, पण चेहरे लक्षात नाहीत. नव्या पेठेत कुणी वाकून सलाम केला की आपा नुसत्या मान हलवतात आणि तो लंगडत पुढं गेला की मला म्हणतात, "डावा खुबा. जिन्यावरनं पडला हुता."

निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली, तिला कॅमेरा जोडला आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या मागं लागल्या. तेजोमेघ म्हणजे वायूचा आणि धुळीचा अवाढव्य ढग. नुसत्या डोळ्यांना तो पुसट ठिपका दिसतो. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवली तर त्याचा आकार उमटतो, पण तेवढ्या वेळात गच्चीवर कुणी पाऊल जरी आपटलं तरी सगळं फरकटतं. म्हणून ते हुकूम.

आपा त्या ढगाला पेशंट म्हणायच्या. वारा सुटला की, "पेशंट हलला." आभाळ भरून आलं की, "आज पेशंट आलाच न्हाय." मंगल कार्यालयातून वरातीचे रंगीत झोत आभाळात फिरायला लागले की कपाळावर हात मारून घ्यायच्या, "अंगावर दागिनं तसंच ठिवून एक्स-रेला झोपलाय बगा!"

दोन हिवाळे असे गेले. त्यांनी दाखवलेला प्रत्येक फोटो मला सांडलेल्या ताकासारखा दिसला. मी "वा" म्हणायचो. आपा माझ्याकडं बघून फोटो आत ठेवायच्या.

तिसऱ्या हिवाळ्यात आमच्या चौकात उंच खांबावरचा हायमास्ट दिवा बसला. गल्ली खूश झाली. शिकवणीहून येणाऱ्या मुलींची भीती गेली. गच्चीवर तर भर रात्री तांदूळ निवडावेत इतका उजेड. आभाळात चंद्र तेवढा शिल्लक राहिला.

आपा अर्ज घेऊन नगरसेवकाकडं गेल्या. मी सोबत होतो.

"साहेब, एक्स-रेची फिल्म धुवायच्या खोलीत कुणी ट्यूब लावतं का?" आपांनी विचारलं.

"मावशी, सगळी गल्ली त्या खांबाला हार घालायला निघालीय," तो हात जोडून म्हणाला. "तुमी एकट्याच विझवा म्हणताय."

अर्जावर दोनच सह्या होत्या, त्यांची आणि माझी. उद्घाटनाचा पेढा मीही खाल्ला. खाताना आपांनी पाहिलं.

आपा गच्चीवर यायच्या बंद झाल्या. खिडकीवर जाड चादर ठोकली. दार वाजवून "आपा, जेवलात का?" विचारलं की आतून नुसतं "हौ" यायचं. महिनाभर हेच. शेवटी मी मित्राची गाडी मागून आणली आणि दारातच सांगितलं, "मंद्रूपच्या पुढं माझ्या साडूचं शेत आहे. तिथं दिवा नाही. चला."

सातच्या सुमाराला पोचलो. असं काळंकुट्ट आभाळ मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आपांनी दुर्बीण उभी केली. थंडीनं बोटं आखडली होती, तरी मला हात लावू देईनात. पहिलाच फोटो निघाला आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पंख पसरल्यासारखा गुलाबी ढग उमटला. मी ओरडलोच, "आपा, आला की! पण मधला हा पांढरा डाग कसला?"

"डाग न्हाय, भाऊ. नवं तारं हायत. लेकरं हायत ती."

मला वाटलं, आता आपा हसतील. त्या बांधावर बसल्या.

"सलीम म्हणून धाकटा भाऊ हुता माजा. ट्रकवर डायवर. खोकत खोकत दवाखान्यात आला. फोटो मीच काढला. फिल्म उजेडात धरली, तर उजव्या फुप्फुसात असाच पांढरा डाग. दाराभायेरनं विचारतोय, आपा, कसा आलाय? मी म्हणलं, छान आलाय. घाबरू नये म्हणून म्हणलं. डॉक्टर सांगतील की संध्याकाळी. त्यो थांबलाच न्हाय. मला काय झालं न्हाय म्हणून ट्रक घिऊन गेला. मागं बोलवाया तवा कुटं फोन हुते? आला ते दोन महिन्यानं, वाचला न्हाय."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसलो.

"त्याच्यानंतर काळ्यात पांढरं दिसलं की सलीमच दिसायचा. म्हणलं, कुणी मरत न्हाय असा एक तरी डाग बगावा. आज बगितला. काय झालं त्यानं? काय बी झालं न्हाय, भाऊ."

परतीच्या वाटेवर सोलापूरचा पिवळट उजेड समोर दिसायला लागला. कॅमेरा आपांच्या मांडीवर होता. घराशी उतरताना मी म्हटलं, "आपा, तो फोटो मला पाठवा. गल्लीत सगळ्यांना दाखवतो."

"दाकवा की," त्या कुलूप काढत म्हणाल्या. "फकस्त कसा आलाय, ते मला इचारू नका म्हणावं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. मी अजून तो कुणालाच दाखवलेला नाही.